स्क्रीनवरून तपासायला डॉक्टरांना शिकवणार कधी?

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, नवी दिल्ली

माहितीसाठी प्रत: महाराष्ट्र वैद्यकीय परिषद, मुंबई, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक

विषय: टेलिमेडिसिन करणाऱ्या डॉक्टरांसाठी कबूल केलेल्या अनिवार्य अभ्यासक्रमाबाबत

स. न. वि. वि.

मी डॉक्टर नाही. नर्सिंग शिकले, त्यावर सहा महिन्यांचा कोर्स केला आणि आता एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. पेशंट माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतो, डॉक्टर समोरच्या स्क्रीनवर येतात आणि मी मध्ये असते. डॉक्टरांनी कसे काम करावे याबद्दल नर्सने पत्र लिहावे का, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्या कॉलमध्ये पेशंटच्या अंगाला हात लागतो तो माझा. डॉक्टरांनी काय विचारले, काय विचारायचे राहिले आणि कॉल बंद झाल्यावर पेशंट काय समजून घरी गेला, हे सगळे पाहणारी खोलीत मी एकटीच असते. म्हणून लिहिते आहे. नाव लिहीत नाही, कारण नोकरी कंत्राटी आहे आणि करार दर वर्षी नव्याने होतो.

निमित्त साधे आहे. आमच्याकडच्या आढावा बैठकीत टेलिकन्सल्टेशनचे उद्दिष्ट पुन्हा वाढवले गेले. किती कॉल लावले, किती पूर्ण झाले, कोण मागे आहे, हे सगळे तक्त्यात होते. पलीकडच्या डॉक्टरांना हे काम कोणी शिकवले आहे का, असा रकाना त्या तक्त्यात नव्हता. बैठकीतही तो प्रश्न कोणी काढला नाही. तिथे तो काढून उपयोगही नव्हता, कारण त्याचे उत्तर त्या खोलीतल्या कोणाकडेच नव्हते. ते आपल्याकडे आहे.

आपलीच एक जुनी ओळ आठवून देते. २५ मार्च २०२० रोजी, देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. तेव्हा आयोग अस्तित्वात यायचा होता. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या जागी नेमलेल्या प्रशासक मंडळाने नीती आयोगाच्या साहाय्याने ती तयार केली. पुढे मे महिन्यात ती डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांना जोडली गेली आणि त्यांना कायद्याचे बळ आले. त्या तत्त्वांत म्हटले आहे की ऑनलाइन सल्ला देऊ इच्छिणाऱ्या डॉक्टरांसाठी एक अभ्यासक्रम तयार केला जाईल. तो अधिसूचित झाल्यापासून तीन वर्षांच्या आत प्रत्येकाने पूर्ण करायचा आणि त्यानंतर तो उत्तीर्ण झाल्याशिवाय टेलिमेडिसिन करता येणार नाही. तोवर तत्त्वे पाळून काम चालू ठेवायचे.

ही तीन वर्षे मोजायची आहेत अभ्यासक्रम अधिसूचित झाल्यापासून. म्हणजे अभ्यासक्रम जितका लांबेल तितकी मुदतही पुढे सरकणार. वाक्य लिहिणाऱ्याचा तसा हेतू नसेल, पण परिणाम तोच होतो. कामाच्या निमित्ताने ज्या डॉक्टरांशी बोलणे होते त्यांना मी विचारून पाहिले. असा अनिवार्य अभ्यासक्रम केल्याचे एकानेही सांगितले नाही. बहुतेकांना ही ओळ आहे हेच ठाऊक नव्हते. एका तरुण डॉक्टरांनी मला उलट विचारले, “सिस्टर, तुमचं ट्रेनिंग झालंय का? मग मला पण सांगा काय काय शिकवलं.” ते थट्टेने म्हणाले होते, पण प्रश्न खरा होता.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे गैरसमज नको. माझी तक्रार तत्त्वांबद्दल नाही. ती चांगली आहेत, आणि सरकारी कागदाच्या मानाने सोप्या भाषेत आहेत. कोणत्या परिस्थितीत काय करायचे हे त्यांत वेगवेगळे दिले आहे: पेशंट स्वतः बोलतो तेव्हा, नातेवाईक बोलतात तेव्हा, माझ्यासारखी आरोग्यसेविका मध्ये असते तेव्हा, एक डॉक्टर दुसऱ्याला विचारतो तेव्हा, आणि तातडीच्या वेळी. माझी तक्रार डॉक्टरांबद्दलही नाही. सकाळची ओपीडी उरकता उरकता मध्येच कॉल घेणारे, एक कॉल संपायच्या आत दुसऱ्याची घंटी ऐकणारे डॉक्टर मी रोज पाहते. शिवाय त्यांच्या मनात भीती आहे. २०१८ साली रत्नागिरीच्या एका प्रकरणात, प्रसूतीनंतरच्या रुग्णावर फोनवरून उपचार सांगितले गेले आणि तिचा मृत्यू झाला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने संबंधित डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला होता. त्यानंतर कित्येक डॉक्टरांनी फोनवर साधा सल्ला द्यायचेही बंद केले. दोन वर्षांनी हेच काम करा, असे त्यांना सांगितले गेले आणि हाती नियम दिले गेले. नियम पाळायचे कसे, हे मात्र कोणी करून दाखवले नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार तपासणीची. वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर पाहणे, हात लावून चाचपणे, ठोकून बघणे आणि स्टेथोस्कोपने ऐकणे शिकतात. स्क्रीनवर त्यातले पाहणे अर्धेमुर्धे उरते आणि बाकीचे दुसऱ्याच्या हाताने करून घ्यावे लागते. दुसऱ्याच्या हाताने तपासणे ही वेगळी विद्या आहे. लहान मुलाच्या खोकल्याचेच घ्या. सर्वसाधारण कॉलमध्ये मला विचारले जाते, “छाती कशी आहे? धाप वाटते का?” मी म्हणते, थोडी वाटते. तिथे तपासणी संपते आणि औषध लिहिले जाते. माझ्या त्या “थोडी” वर एका बाळाचा उपचार ठरतो.

पण आमच्या यादीत एक बालरोगतज्ज्ञ मॅडम आहेत. त्या लागल्या की मला हायसे वाटते. त्यांची पद्धत अशी: बाळ रडत असेल तर आधी आईला पाजू द्या, शांत होऊ द्या. मग अंगावरचे सगळे कपडे छातीपर्यंत वर घ्या. बाळ आईच्या मांडीवर आडवे, कॅमेरा समोरून नको, बाजूने, फासळ्या दिसतील असा. मग पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे, पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायचे नाही, कारण बाळाचा श्वास एका लयीत नसतो. मी इकडे मोजते, त्या तिकडे मोजतात, मग दोघी आकडा सांगतो. दोन महिन्यांच्या आतले बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष असेल तर ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे असेल तर ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का, हे त्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात. दिसले नाही तर “टॅब थोडा खाली घ्या” म्हणतात. एवढे सगळे मिळून पाच-सहा मिनिटे लागतात. मी एकदा विचारले, हे कुठे शिकलात? म्हणाल्या, कुठेच नाही, चुकतमाकत बसवलं.

बाकीच्यांनीही तसेच चुकतमाकत शिकावे, अशी आपली योजना आहे का? कारण ते चुकणे माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्याच्या वाट्याला येते.

अशा किती तरी गोष्टी आहेत ज्या पाच मिनिटांत शिकवता येतात आणि शिकवल्या नाहीत तर सुचत नाहीत. पिवळ्या बल्बखाली काविळीचे डोळे ओळखू येत नाहीत. पेशंटला दारात, दिवसाच्या उजेडात उभे करायला सांगावे लागते. पोटदुखीच्या पेशंटला टाचा उचलून जोरात खाली टेकवायला सांगितले आणि पोटात कळ आली, तर आत सूज असण्याची शक्यता वाढते. त्यासाठी डॉक्टरांचा हात पोटावर असावा लागत नाही. ऑक्सिमीटरचा आकडा वाचण्याआधी बोटाला नेलपॉलिश किंवा मेंदी आहे का, बोट गार आहे का, हे विचारायला हवे. इतकेच नाही, गडद त्वचेवर हे यंत्र कधी कधी ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवते. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यंत्राने न दाखवलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट आढळली. आपल्याकडच्या पेशंटचा रंग पाहता ही गोष्ट स्क्रीनपलीकडे बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. रक्तदाबाचेही तसेच. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा वाढतो. मी कोणता पट्टा बांधला, पेशंटला आधी पाच मिनिटे बसवले होते का, हे मला आजवर फार थोड्या डॉक्टरांनी विचारले आहे. आकडा मात्र सगळ्यांनी विचारला आहे.

दुसरी तक्रार औषधांची. तत्त्वांत औषधांच्या याद्या आहेत. ‘ओ’ यादीतली औषधे, म्हणजे पॅरासिटामॉल, ओआरएस, झिंक, लोह-फॉलिक ॲसिड असली, कोणत्याही माध्यमातून लिहिता येतात. ‘ए’ यादीतली पहिल्याच सल्ल्यात लिहायची तर व्हिडिओ हवा. ‘बी’ यादीतली फक्त आधी प्रत्यक्ष पाहिलेल्या पेशंटला, त्याच आजारासाठी, पुढच्या सल्ल्यात. म्हणजे ॲटेनोलॉल चालू असून रक्तदाब आटोक्यात नसेल तर एनालाप्रिलची भर घालता येते, तसे. आणि अनुसूची ‘एक्स’मधली व अमली पदार्थ कायद्याखालची औषधे अजिबात नाहीत. हे आम्हाला पाठ आहे, कारण आमच्या प्रशिक्षणात तक्ता दिला होता. डॉक्टरांना तो कोणी दिला? नेटवर्क गेले, व्हिडिओ बंद पडला, नुसत्या आवाजावर पहिल्याच भेटीत अँटिबायोटिक लिहिले गेले, असे घडते. मी “सर, व्हिडिओ पुन्हा लावू का?” असे विचारते, कारण “हे या माध्यमात लिहिता येत नाही” असे म्हणायची माझी पायरी नाही. तत्त्वांनुसार योग्य निदान किंवा संभाव्य निदान न करता औषध लिहिणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. म्हणजे ज्याला नियम शिकवला नाही, त्याला तो मोडल्याबद्दल शिक्षा करायची सोय मात्र आहे.

तिसरी तक्रार ओळख, संमती आणि आडोशाची. डॉक्टरांनी कॉलच्या सुरुवातीला स्वतःचे नाव आणि शिक्षण सांगायचे, असे आपलेच तत्त्व म्हणते. “हां, बोला” ही बहुतेक कॉलची सुरुवात असते. आजी मला नंतर विचारतात, “कोण होतं गं ते?” पेशंटने स्वतः कॉल केला तर संमती गृहीत धरता येते, पण माझ्यासारखीने लावला तर ती स्पष्टपणे घेऊन नोंदवावी लागते. तेही सहसा राहून जाते.

पण यात मला सगळ्यात जास्त खटकते ते आडोशाचे. उपकेंद्रात एकच खोली, बाहेर बाकावर माणसे, आणि डॉक्टरांचा आवाज स्पीकरवर. अशा वेळी विशी-बाविशीच्या विवाहितेला, सासू शेजारी बसलेली असताना, “अंगावरून जातं का? किती दिवस? संबंध आल्यावर दुखतं का?” असे खणखणीत आवाजात विचारले जाते. ती “नाही” म्हणते. डॉक्टर “नाही” लिहितात. दोन दिवसांनी ती एकटी येऊन मला खरे सांगते. डॉक्टरांना खोली दिसत नाही, हे मान्य. पण “तुमच्यासोबत आत्ता कोण आहे? हेडफोन आहे का? सिस्टर, बाकीच्यांना बाहेर बसवता का?” ही तीन वाक्ये त्यांना कोणी तरी शिकवायला हवीत. मारहाणीच्या खुणा असलेल्या बाईशी बोलताना तर उत्तर हो-नाही एवढ्यातच देता येईल असे प्रश्न विचारावे लागतात, कारण ऐकणारा कदाचित मारणाराच असतो.

चौथी: कॉल कुठे थांबवायचा. स्क्रीनवर होणार नाही, पेशंटला प्रत्यक्ष पाहायलाच हवे, हे ओळखणे या कामातले सगळ्यात महत्त्वाचे कौशल्य आहे, असे मला वाटते. कोणत्याही टप्प्यावर सल्ला पुढे न नेण्याचा अधिकार तत्त्वांनी डॉक्टरांना दिला आहे. आठव्या महिन्याची गरोदर बाई, रक्तदाब १५०/१००, डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते. असा पेशंट मी स्क्रीनसमोर बसवूच नये, थेट १०८ बोलवावी, हे मला कळते. पण दुसऱ्या कशासाठी तरी आलेल्या बाईच्या बोलण्यात तिसऱ्या मिनिटाला डोकेदुखी निघते, तेव्हा डॉक्टरांचा कान टवकारला पाहिजे. तो टवकारला नाही तर चिठ्ठीवर पॅरासिटामॉल येते. उलट टोकही आहे: काहीच पत्करायचे नाही म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर “रेफर” असा शब्द. कुठे, किती वेळात, कशाने, सोबत कोणता कागद द्यायचा, तोवर काय द्यायचे, काहीच नाही. मजुरी बुडवून आलेल्या माणसाला मी तो शब्द वाचून दाखवते आणि तो माझ्याकडे बघत राहतो.

नोंदींबद्दल फार लिहीत नाही. एका ओळीची चिठ्ठी पुढच्या वेळी लागलेल्या दुसऱ्या डॉक्टरांच्या काही कामाची नसते, आणि दर वेळी डॉक्टर दुसराच लागतो.

“हे सगळे अनुभवाने येते,” असे आपल्यापैकी कोणी म्हणेल. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया आली तेव्हा पोट उघडून हजारो शस्त्रक्रिया केलेल्या सर्जननाही ती वेगळी शिकावी लागली. अनुभवी आहात, करा सुरू, असे कोणी म्हटले नाही. इथे मात्र तसेच झाले आहे, आणि व्याप छोटा नाही. एकट्या ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेवर फेब्रुवारी २०२३ मध्येच दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला होता. इस्रोने उपग्रहाच्या आधारे दूरची रुग्णालये मोठ्या रुग्णालयांशी जोडायला सुरुवात केली ती २००१ साली. म्हणजे आपल्या देशाला हे तंत्र नवे नाही. तारा, पडदे, उपग्रह, ॲप यांवर आपण वीस वर्षांहून अधिक काळ काम केले. पडद्यासमोर बसणाऱ्या माणसावर केले नाही.

करता येते, याचे पुरावे आहेत. मानसोपचारतज्ज्ञांनी वाट पाहिली नाही. त्यांच्या भारतीय संघटनेने, निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने आणि टेलिमेडिसिन सोसायटी ऑफ इंडियाने मिळून २०२० मध्येच टेलिसायकियाट्रीसाठी वेगळी मार्गदर्शिका काढली. १० ऑक्टोबर २०२२ ला टेलिमानस, म्हणजे फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी सरकारी सेवा, सुरू झाली तेव्हा बेंगळुरूची निम्हान्स तिच्या केंद्रस्थानी होती. बालरोग, स्त्रीरोग, त्वचारोग यांचे काय? बाहेर पाहायचे तर अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने २०२१ मध्ये टेलिहेल्थची कौशल्ये तीन पायऱ्यांत लिहून काढली: निवासी डॉक्टर होताना काय यायला हवे, स्वतंत्र व्यवसाय सुरू करताना काय, आणि शिकवणाऱ्या अनुभवी प्राध्यापकाला काय. ते जसेच्या तसे उचलावे असे मी म्हणत नाही. तिथल्या कॉलमध्ये दुसऱ्या टोकाला माझ्यासारखी कोणी असेलच असे नाही, आणि आमच्या कॉलचा सगळा डोलारा तिच्यावर आहे. पण आधी यादी तरी करावी लागते.

आपण २ ऑगस्ट २०२३ ला डॉक्टरांच्या वर्तनाचे नवे विनियम काढलेत. त्यांतही टेलिमेडिसिनची तत्त्वे होती. औषधे जेनेरिक नावानेच लिहायच्या सक्तीवरून गदारोळ झाला आणि २३ ऑगस्टला ते स्थगित झाले. त्या वादात कोणाची बाजू बरोबर, हे सांगण्याइतकी माहिती मला नाही आणि या पत्राचा तो विषयही नाही. एवढेच म्हणते की भांडण औषधांच्या नावांचे होते आणि त्यात टेलिमेडिसिनची पाने विनाकारण अडकली.

आता मागण्या.

१. अनिवार्य अभ्यासक्रम नेमका कुठे आहे, हे आयोगाने एका पानावर, तारखांसह जाहीर करावे. तयार असेल तर अधिसूचनेची तारीख आणि त्यापासूनची तीन वर्षे कधी संपतात ते सांगावे. तयार नसेल तर कधी होईल ते सांगावे.

२. तो अभ्यासक्रम व्हिडिओ पाहा, दहा प्रश्नांवर खुणा करा, प्रमाणपत्र छापा, असा नसावा. तसले कोर्स आम्ही पुष्कळ केले आहेत आणि मागे व्हिडिओ चालू ठेवून लसीकरणाच्या नोंदीही पूर्ण केल्या आहेत. डॉक्टरने प्रत्यक्ष घेतलेले काही कॉल, पेशंटच्या परवानगीने, जाणत्या परीक्षकाने पाहावेत आणि मग शेरा द्यावा.

३. एमबीबीएसच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक टप्पा स्क्रीनवरच्या तपासणीचा असावा. समोर आरोग्यसेविका, शेजारी पेशंट, आणि विद्यार्थ्याने तिच्या हातांनी तपासून दाखवायचे. इंटर्नशिपमध्ये समुदाय वैद्यकाचे बारा आठवडे असतात. त्यातले काही दिवस इंटर्नने उपकेंद्रात माझ्या बाजूला बसून काढावेत. पलीकडून आपला आवाज कसा येतो, हे त्याने एकदा ऐकावे. याबाबत आरोग्य विज्ञान विद्यापीठाला आपल्या पातळीवर सुरुवात करता येईल.

४. महाराष्ट्र वैद्यकीय परिषद नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत पुढच्या शिक्षणाचे ३० क्रेडिट पॉइंट मागते. जे डॉक्टर टेलिमेडिसिन करतात त्यांच्यासाठी यातले काही या विषयाचे असावेत. यासाठी दिल्लीची वाट पाहायची गरज नसावी.

५. डॉक्टर आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांचे काही प्रशिक्षण एकत्र व्हावे. आज त्यांचे वेगळे, आमचे वेगळे, आणि दोघांची पहिली भेट पेशंटसमोर होते. “हे या माध्यमात होणार नाही” असे म्हणायचा अधिकार मला लेखी मिळावा, आणि तो वापरल्याबद्दल माझ्या कामगिरीचे गुण कापले जाऊ नयेत.

६. कॉलच्या संख्येचे उद्दिष्ट ठरवणारे आपण नाही, हे मला माहीत आहे. पण एका डॉक्टरने तासाला जास्तीत जास्त किती सल्ले द्यावेत, याची मर्यादा व्यावसायिक आचाराचा भाग म्हणून आपण घालू शकता. वर सांगितलेल्या मॅडमना एका बाळाला पाच-सहा मिनिटे लागतात. तेवढी मिळतील असा हिशेब करा.

७. शिकण्याच्या काळात प्रामाणिकपणे तत्त्वे पाळून दिलेल्या सल्ल्यासाठी डॉक्टरला संरक्षण काय, हे सोप्या भाषेत लिहून द्यावे. घाबरलेला डॉक्टर “रेफर” लिहितो. त्यालाही दोष देता येत नाही.

या सगळ्याला पैसा लागेल, पण फार नाही. लॅपटॉप आहेत, नेटवर्क जमेल तसे आहे, शिकवू शकतील असे डॉक्टर यंत्रणेतच आहेत. फक्त ते कोण, हे कोणी विचारलेले नाही. आम्हाला विचारा. कोणता डॉक्टर लागला की आम्ही सुटकेचा श्वास टाकतो, याची यादी प्रत्येक समुदाय आरोग्य अधिकारी तोंडपाठ सांगेल.

या पत्राचे उत्तर मला वेगळे पाठवू नये, तसे ते मला पोहोचणारही नाही. आयोगाच्या संकेतस्थळावर जाहीर करावे, म्हणजे डॉक्टरांनाही वाचता येईल आणि पेशंटनाही.

कळावे,

आपली नम्र,
एक समुदाय आरोग्य अधिकारी

ता. क. अभ्यासक्रमाची समिती नेमाल तेव्हा तिच्यात स्क्रीनच्या या बाजूची एखादी सिस्टर घ्या. प्रवासभत्ता नाही मिळाला तरी चालेल, रजा मंजूर करून द्या.